रुमाल टाकलेली सीट

लॅबमध्ये शिशाच्या डब्यातून बाटली काढत होते, तेवढ्यात झाडझूड करणारे काका दारातूनच म्हणाले, "एवढुशी बाटली अन् डब्बा केवढा जड! काहून बाप्पा?"

तळाला थेंबभर द्रव. त्यात जीएलपी-1, म्हणजे आतड्यात तयार होणारं हार्मोन, अन् त्याला चिकटवलेला किरणोत्सारी आयोडीन-125.

सांगितलं त्यांना. हे पेशीवरच्या ठरलेल्या जागी जाऊन बसतं. मग नवं औषध सोडायचं. औषधानं याला उठवून ती जागा धरली, तर किरणं मोजणाऱ्या काउंटरवरचे आकडे उतरतात.

काका क्षणभर थांबले. "म्हणजे एसटीत रुमाल टाकून धरलेली सीट. दांडगा आला का रुमाल उचलून फेकते."

इतकं नेमकं मला पीएचडीच्या सेमिनारमध्येही जमलं नव्हतं!

शरीरातलं जीएलपी-1 दोन-एक मिनिटांत निकामी होतं. तेच टिकाऊ करता करता सेमाग्लुटाइडसारखं मधुमेहावरचं, आठवड्यातून एकदा टोचायचं औषध निघालं. हेही सांगितलं, जरा ऐटीतच.

काकांनी झाडू भिंतीला टेकवला. "आमच्या घरी तिले शुगर हाय. ते इंजेक्शन आमाले परवडन का, मॅडम?"

सीताबर्डीला मेट्रोतून उतरेपर्यंत तेच डोक्यात. तुम्ही काय उत्तर दिलं असतं?