आमची वाटचाल: लॅकर, थिनर आणि अण्णांची अँबॅसिडर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात १९९३ साली बापू आणि मी भागीदारीत डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज टाकलं. बापू डेंटर, मी पेंटर. ते माझ्याहून बारा वर्षांनी थोरले. नात्यातले नव्हेत, पण दुकानाच्या कागदावर त्यांचं नाव माझ्या आधी आहे आणि मी आहे तोवर तसंच राहील. एका फाउंड्रीच्या मागची पत्र्याची शेड, दीड अश्वशक्तीचा कंप्रेसर, खाली कप लावायची एक गन आणि बापूंच्या चार हातोड्या एवढंच भांडवल. त्यातली चपट्या तोंडाची हातोडी आजही रोज वापरात आहे. मागून डॉली, म्हणजे हातात मावणारी ऐरण, धरून बापू पत्रा असा काढायचे की लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, जेमतेम कांद्याच्या सालीएवढी लागायची. आज बोटभर लांबी थापून मग रंगाला नावं ठेवणाऱ्यांनी ते काम बघायला हवं होतं.

१९९८ ते २०१२ ही वर्षं चांगली गेली. एनसी (थिनर उडून वाळणारा जुना नायट्रोसेल्युलोजचा रंग) सुटलं, टू-के पीयू (हार्डनर मिसळून कडक होणारा पॉलीयुरेथेन रंग) आलं, स्वतःची जागा झाली, मुलींची शिक्षणं झाली. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

२०१३ च्या उन्हाळ्यात बापूंचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी विचारलं, दिवसभर कशाच्या वासात असता? बापू गन हातात धरत नव्हते, पण वीस वर्षं त्याच शेडमध्ये माझ्यापासून दहा फुटांवर पत्रा ठोकत होते. त्या रात्री मी पहिल्यांदा हिशेब घातला. मेटॅलिक बेस, म्हणजे रंगाचा थर, फवारायला तयार केला की त्यात साधारण पाच भागांतले चार भाग सॉल्व्हंट, म्हणजे वाळताना उडून जाणारं द्रावण, असतं. म्हणजे गाडीवर राहतो तो एक भाग आणि चार भाग हवेत, आमच्या शेडच्या हवेत. तिथून कमी सॉल्व्हंटच्या मालाचा शोध सुरू झाला. युरोपात १ जानेवारी २००७ पासून गाड्यांच्या दुरुस्तीच्या बेसला आणि लॅकरला, म्हणजे बेसवरच्या पारदर्शक चकाकीच्या थराला, तयार मिश्रणात लिटरला ४२० ग्रॅम व्हीओसीची (हवेत उडणाऱ्या सॉल्व्हंटची) मर्यादा आहे. आपल्याकडे कोणी विचारत नव्हतं. मी स्वतःहून ठरवलं की लॅकर तरी त्या मापातलं मारायचं.

पाण्यावरचा बेस दोनदा करून पाहिला. जून ते सप्टेंबर आमची हवा ओली असते, आणि वारा खेळवणारे ब्लोअर नसतील तर तो बेस वाळतच नाही. म्हणून आम्ही हाय सॉलिड लॅकरचा रस्ता धरला. त्यात सॉल्व्हंट कमी, घन भाग जास्त, आणि तीन हातांचं, म्हणजे थरांचं, काम दोन हातांत होतं.

२०१४ साली बरोबर समोर एक गॅरेज उघडलं. नाव लिहीत नाही, गल्लीला ठाऊक आहे. मी शिकवलेली दोन पोरं त्याने महिन्याभरात उचलली. एकाला मी गनचा ट्रिगर अर्धा दाबून हवा आधी सोडायला शिकवलं होतं, हात सरळ ठेवायला शिकवलं होतं. पगार वाढवून नेलं याचा राग नाही. जाताना माझी रंगछटांच्या कार्डांची वही नेली, त्याचा राग आहे आणि तो जाणार नाही.

जुलै २०१६ मध्ये एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या नऊ सिल्व्हर गाड्या एकदम आल्या. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. हाय सॉलिड लॅकर मुळातच मधासारखं, पावसाळी सकाळी आणखी जाड. संत्र्याच्या सालीसारखा पोत दिसू लागला. मी माल देणाऱ्याच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "कुठलंही थिनर चालतं, दहा-वीस टक्के टाका." गन धुवायला एनसी थिनरचा ड्रम उघडाच होता. तेच टाकलं. लॅकर गनमधून सुंदर पसरलं, संध्याकाळी नऊही बॉनेट आरशासारखी.

आठ दिवसांत नखाने ओरखडा उठायला लागला. पंधरा दिवसांत शाइन खाली बसली. घाईसाठी दोन गाड्या हॅलोजनखाली घेतल्या होत्या, त्यांच्यावर तर टाचणीच्या टोकाएवढी हजारो भोकं. वरची साय आधी धरली, खालचं सॉल्व्हंट अडकलं, उष्णता लागताच ते साय फोडून बाहेर आलं.

मूळ कारण मला दोन महिन्यांनी समजलं. एनसी थिनरमध्ये अल्कोहोल असतं. हार्डनरमधलं आयसोसायनेट लॅकरच्या रेझिनशी जोडलं जायला हवं, ते या अल्कोहोलशी जोडलं जातं, आणि मग लॅकर कधीच पूर्ण कडक होत नाही. टू-केमध्ये एनसी थिनर टाकू नका. दुकानदार म्हणाला तरी नाही, डब्यावरचं लेबल फाटलेलं असलं तरी नाही. शिवाय योग्य थिनरही उगाच ओतलं तर सगळा खटाटोप वाया. ४२० ग्रॅमच्या एका लिटरमध्ये शंभर मिली थिनर घातलं की त्यात साधारण ८६ ग्रॅम सॉल्व्हंट वाढतं आणि मिश्रण लिटरला ४६० वर जातं. मग कमी उत्सर्जनाचा माल महाग घेतला कशाला?

नऊ गाड्या सोलून पुन्हा केल्या. पतसंस्थेचं कर्ज काढलं, घरच्या पाटल्या गहाण पडल्या. माल देणाऱ्याचा माणूस म्हणाला, मी असं बोललोच नाही. आणि समोरचा ट्रॅव्हल्सवाल्याकडे जाऊन सांगून आला की कमी वासाचं लॅकर म्हणजे कच्चं लॅकर. पुढचं सगळं काम त्याच्याकडे गेलं. ऑगस्टमध्ये आमच्या शेडमध्ये एकवीस दिवस एकही गाडी नव्हती. बापू रोज सकाळी येऊन हातोड्यांना तेल लावून ठेवत.

नवरात्राच्या आधी अण्णा आले. अण्णा म्हणजे मार्केट यार्डातले गुळाचे व्यापारी, आमचं पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. त्यांची १९८६ ची मार्क फोर अँबॅसिडर, हस्तिदंती रंगाची. मी खरं ते सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "गन टाकून दिली न्हाईस न्हवं? मग लाव गाडी आत. आणि तेच लॅकर मार."

त्या गाडीवर मी चाळीस दिवस घालवले. अँबॅसिडरचे मडगार्ड गोल, बॉनेटला उभार, कुठेही सपाट जागा नाही की चूक लपेल. पत्र्यापर्यंत खरडली. इपॉक्सी प्रायमर, मग टू-के सरफेसर (घासून सपाट करायचा जाड थर), त्यावर काळी गाइड पावडर फिरवून लांब ब्लॉकने घासणं. पावडर जिथे राहते तिथे खड्डा, जिथून लगेच जाते तिथे उंचवटा. पहिले तीन दिवस फक्त ब्लॉक, मग ८०० चा वॉटर पेपर. गुळगुळीतपणा इथे तयार होतो. सरफेसरवर दिसत नाही तो खड्डा लॅकरखाली दिसतो. नवीन पोरांना वाटतं गन कमाल करते.

गनचंही सांगतो, कारण त्यात मी वर्ष घालवलं. एचव्हीएलपी, म्हणजे हवा भरपूर पण दाब कमी अशा, गनच्या टोपीशी हवेचा दाब १० पीएसआयच्या आत असतो. म्हणून रंग कमी उडतो, किमान ६५ टक्के पॅनेलवर बसतो आणि हवेत कमी जातो. पण तिला हवा भरपूर लागते, मिनिटाला १२ ते १५ घनफूट. दीड अश्वशक्तीचा कंप्रेसर तिला पुरत नाही, मग थेंब मोठे पडतात आणि लोक म्हणतात लॅकर खराब आहे. मी पाच अश्वशक्तीचा घेतला तरी संत्र्याच्या सालीचा पोत येतच होता. दोष निघाला होजमध्ये. आतून ८ मिलिमीटरचा होता, १० चा लावला आणि गन श्वास घेऊ लागली. भिंतीवरच्या गेजवर विश्वास ठेवू नका. गेज गनच्या मुठीशी लावा, ट्रिगर पूर्ण दाबा आणि मग दाब वाचा. आणि गन वीतभराच्या आतच धरा. जुन्या गनच्या अंतरावरून मारलं तर लॅकर हवेतच सुकून येतं.

जाडपणाला उत्तर थिनर नव्हतं, ऊब होती. बंद डबा कोमट पाण्याच्या घमेल्यात ठेवून लॅकर २५ अंशांवर आणायचं, हार्डनर मापाने, मग तळाला भोक असलेला फोर्ड कप लावून तो किती सेकंदांत रिकामा होतो ते मोजायचं. शेडमध्ये जाळ नको, हीटरची उघडी तारही नको. पहिला हात पातळ पण बंद, दहा मिनिटं थांबा, दुसरा हात भरून. तिसरा हात मारायचा मोह झाला तर गन खाली ठेवा.

एक गोष्ट अजून. वास कमी म्हणजे धोका गेला असं समजू नका. हार्डनरमधलं आयसोसायनेट नाकाला कळत नाही, आणि त्याने दमा होतो. आमच्याकडे फवारणाऱ्याला बाहेरची हवा येणारा मुखवटा लागतो, त्यात सवलत नाही. बापूंचा ठोकायचा ओटाही आम्ही त्या वर्षी मधे भिंत घालून वेगळा केला.

अण्णा गाडी न्यायला आले ते हातात पेपर घेऊनच. बॉनेटच्या वर पेपर धरून वाकले आणि प्रतिबिंबात उलटा मथळा वाचू लागले, शब्द न् शब्द, सावकाश. मग यार्डातल्या सात-आठ व्यापाऱ्यांना घेऊन परत आले. त्या महिन्यात शेडमध्ये चार गाड्या लागल्या. पाटल्या २०१८ ला सोडवल्या. २०१९ चा महापूर आला, शिरोलीला हायवे बंद, माल अडकला. तो सगळ्यांनीच सोसला.

समोरच्याकडे मागच्या वर्षी माझ्याच लॅकरचे डबे उतरताना पाहिले. कच्चं म्हणणारं तोंड तेच. ट्रॅव्हल्सवाल्याला जाऊन कोणी हे सांगितलं नाही.

अण्णांची गाडी दसऱ्याला पूजेआधी येतेच. यंदा त्यांनी पेपर धरला आणि डाव्या दिव्याच्या वर थांबले. "इथं 'र' वाकडा दिसतोय," म्हणाले. त्यांचं वय आता ब्याऐंशी. मी ट्यूबलाइट आडवी धरून पाहिली. रेष खरोखर हलत होती, कुणीतरी बॉनेटवर कोपर टेकलं असावं. बापूंना बोलावलं. त्यांनी बोटांनी चाचपलं आणि चपट्या तोंडाची हातोडी मागितली.