आमची वाटचाल : 100 ओमच्या रेझिस्टरपासून पुढे

आमची सुरुवात दुरुस्तीने झाली. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणायचे आणि घरातल्या एका खोलीत लोकांचे जुने स्टिरिओ अॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे, एवढाच पसारा होता. 2020च्या लॉकडाउनमध्ये गाण्याबजावण्याच्या शिकवण्या ऑनलाइन झाल्या आणि ओळखीचे शिक्षक विचारू लागले, "हेडफोनसाठी एखादा अॅम्प करून द्याल का?" त्यातून आमचा पहिला अॅम्प तयार झाला.

त्याच्या आउटपुटला दोन्ही चॅनेलवर आम्ही 100 ओमचा एकेक रेझिस्टर (विजेला अडथळा करणारा सुटा भाग) घातला होता, तोही विचार करूनच. जॅक घालता-काढताना पिना क्षणभर शॉर्ट होतात, त्यात अॅम्प जाऊ नये हा हेतू. जुन्या आंतरराष्ट्रीय मानकात तर 120 ओमचीच शिफारस होती. असे 25 नग विकले गेले.

मग एक तबलावादक गिऱ्हाईक अॅम्प घेऊन परत आले. म्हणाले, "चाट बरोबर वाजतेय हो, पण डग्गा माझा नाही. फुगलाय." चाट म्हणजे तबल्याच्या काठाचा तीक्ष्ण आवाज, डग्गा डाव्या हाताचा, खर्जातला. मी आधी रेकॉर्डिंगवर शंका घेतली. त्यांनी शांतपणे आपला हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

तो मोजला तेव्हा उलगडा झाला. खोक्यावर इम्पीडन्स, म्हणजे हेडफोन विजेला करतो तो अडथळा, 32 ओम लिहिलेलं, आणि 1000 हर्ट्‌झला ते खरंही होतं. पण 90 हर्ट्‌झच्या आसपास, जिथे पडदा स्वतःच्या लयीत डोलायला लागतो, तिथे तोच हेडफोन 64 ओम दाखवत होता. आता 100 ओमच्या रेझिस्टरमागून बघा : 32 ओमला अॅम्पच्या व्होल्टेजचा 24 टक्के वाटा मिळतो, 64 ओमला 39 टक्के. फरक चार डेसिबलचा, आणि तो नेमका डग्ग्याच्या पट्टीत. त्यांच्यासमोरच रेझिस्टर टाळण्यासाठी त्याच्यावर वायरचा तुकडा सोल्डर केला आणि तोच ठेका पुन्हा लावला. दुसऱ्या आवर्तनाला त्यांचा डावा हात मांडीवर चालू लागला.

सगळे 25 नग आम्ही परत मागवले. रेझिस्टर नुसता काढून भागत नव्हतं, कारण लांब केबल लावली की अॅम्प अस्थिर व्हायचा. शेवटी बफरचा टप्पा (हेडफोनला वीज पुरवणारा शेवटचा भाग) बदलला, शॉर्टपासून संरक्षण वेगळं दिलं आणि आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे आउटपुटला असलेला स्वतःचा अडथळा, 1 ओमच्या खाली आणला. हे सगळं पदरचे पैसे घालून केलं. त्या 25 जणांपैकी सेनहायझर एचडी 650 वापरणारे एक जण म्हणाले, "मला तर फारसा फरक नाही वाटला." त्यांचंही बरोबर होतं. तो हेडफोन मुळात 300 ओमचा, बेसला 500च्या घरात जातो. 100 ओममागेही फरक एका डेसिबलच्या आतच राहतो. प्लेनर जातीच्या (सपाट पातळ पडद्याच्या) हेडफोनचा इम्पीडन्स जवळपास सपाट असतो, तिथे फक्त आवाज कमी होतो, सूर बिघडत नाही. याउलट एकाहून जास्त आर्मेचर (आवाज काढणारे चिमुकले भाग) असलेले इअरफोन वरच्या पट्टीत काही ओमपर्यंत उतरू शकतात, मग चाटच मंद होते.

तेव्हापासून किमतीचं बोलणं नंतर, आधी हेडफोन घेऊन या, असं आम्ही सांगतो. अॅम्पचा इम्पीडन्स हेडफोनच्या आठव्या हिश्शाच्या आत हवा, म्हणजे 32 ओमला 4 ओमपर्यंत, हा हिशेब धरतो. घरचा अॅम्प तपासायचा असेल तर 100 हर्ट्‌झचा सूर लावा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुट मोजा. मग 33 ओमचा रेझिस्टर जोडून पुन्हा मोजा. व्होल्टेज निम्मं झालं, तर तुमच्या अॅम्पचा इम्पीडन्सही 33 ओम.

मागच्या आठवड्यात एक मुलगी 32 ओमचा साधा हेडफोन घेऊन आली होती. तिच्याकडे अॅपलचा छोटा यूएसबी-सी डोंगल (फोनला हेडफोन जोडायचा अडॅप्टर) होता, त्याचा आउटपुट इम्पीडन्स 1 ओमच्या आसपास असतो. अॅम्पची गरज नाही असं सांगून, हेडफोनची सैल झालेली पिन तेवढी सोल्डर करून दिली.