बॉस घरी एकटी असते, म्हणून काय झालं?

पहिल्या चाळीस पानांत जिने हाताखालच्या पोराला सळो की पळो करून सोडलंय, ती बाई पुस्तक संपेस्तोवर वाचकांची लाडकी होते. जपानी वाचकांचं हे गणित मला काही सुटत नाही, आणि सध्या मी भेटेल त्याला हेच विचारत सुटलेय.

विषय रानोबेचा आहे. लाइट नॉव्हेल, म्हणजे हलकीफुलकी कादंबरी. तिला इथे जपानात, जिथे मी नोकरी करते, रानोबे म्हणतात. पर्समध्ये सहज मावेल एवढं पुस्तक, मुखपृष्ठावर ॲनिमेतली, म्हणजे जपानी कार्टूनमधली, मोठ्या डोळ्यांची मुलगी, मधूनमधून आत चित्रं, आणि नाव इतकं लांबलचक की निम्मी गोष्ट नावातच सांगून टाकलेली. बऱ्याच कांजींच्या, म्हणजे जपानीतल्या चिनी चित्राक्षरांच्या, डोक्यावर बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो, त्यामुळे जपानीशी झटापट करणाऱ्या आम्हा परदेशी लोकांना ही पुस्तकं बरी पडतात. शाळकरी पोरांसाठी म्हणून हा प्रकार फोफावला. ती पोरं मोठी होऊन नोकरीला लागली, तशी गोष्टीही वर्गातून उठून ऑफिसात जाऊन बसली.

ऑफिसातल्या या गोष्टींचा एक ठरलेला साचा म्हणजे राक्षसीण बॉस. ती सगळ्यांसमोर फाइल परत फेकते, रात्री नऊला 'उद्या सकाळी टेबलावर हवं' म्हणून सांगते. मग एके दिवशी नायकाला कळतं की बाईसाहेब आपल्याच इमारतीत, आपल्याच शेजारी राहतात. दार उघडतं तर आत कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग, आणि जेवण म्हणजे कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, आणलेली थंड ओनिगिरी, भाताचा गोळा. हा तिला मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं सूप, करून देतो. ती रडते. झालं, बाई सुधारली! दुसऱ्या साच्यात पिचलेला कारकून कामाच्या ताणाने मरतो आणि भलत्याच जगात तलवार घेऊन जन्माला येतो. तो मला चालतो. मेल्यावर का होईना, बिचारा सुटतो तरी.

तर शेजारच्या डेस्कवरच्या मुलाने मला पहिल्या साच्यातलं एक पुस्तक वाचायला दिलं. इथे कोण काय वाचतंय याचा पत्ता लागत नाही, कारण दुकानदारच विचारून पुस्तकाला कागदी वेष्टण घालून देतो. टोकियोतल्या आमच्या तोझाई मेट्रो लाइनवर कोरोनाच्या आधी सकाळी किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात क्षमतेच्या 199 टक्के गर्दी असायची. आता थोडी ओसरलीय, पण चेंगरायला पुरते. त्या चेंगराचेंगरीत माणसं एका हातात असं वेष्टणातलं पुस्तक धरून वाचत असतात, आणि ते अर्थशास्त्राचं आहे की राक्षसिणीचं, हे फक्त वाचणाऱ्याला ठाऊक. त्यामुळे वाचकांची मतं हवी असतील तर जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसण्याला पर्याय नाही.

माझं डोकं फिरायला आणखी एक कारण झालं. त्याच आठवड्यात आमचं पावाहाराचं वार्षिक प्रशिक्षण होतं. पावाहारा म्हणजे वरिष्ठाने अधिकाराच्या जोरावर केलेला छळ. तो होऊ नये म्हणून व्यवस्था उभी करणं मोठ्या कंपन्यांना जून 2020 पासून आणि छोट्यांना एप्रिल 2022 पासून कायद्याने बंधनकारक आहे. सरकारने छळाचे सहा प्रकार आखून दिलेत: मारहाण, अपमान आणि धमक्या, वाळीत टाकणं, झेपणार नाही एवढं काम लादणं, मुद्दाम क्षुल्लक काम देणं किंवा काहीच न देणं, आणि खासगी आयुष्यात नाक खुपसणं. सकाळी ही यादी समोरच्या पडद्यावर, दुपारी पर्समध्ये हे पुस्तक. तिसऱ्या प्रकरणापर्यंत आमच्या बाईंनी सहापैकी चार प्रकार उरकले होते.

मी डब्यावर बसल्या बसल्या हे बोलून दाखवलं, तर पुस्तक देणारा मुलगा म्हणाला, "पण ती निदान काय चुकलं ते सांगते. खरे बॉस सांगत नाहीत. ते तुमचा कागद बघतात, एक उसासा टाकतात आणि स्वतःच दुरुस्त करत बसतात." हे मला एकदम पटलं, कारण तो उसासा मी ऐकलेला आहे. पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाटलं साहेबांना दम लागला असेल.

अकाउंट्समधल्या बाईंना पुस्तक अजिबात पटलेलं नव्हतं. त्यांचा मुद्दा सरळ होता. बॉस पन्नाशीचा, टक्कल पडलेला, तोंडाला सिगारेटचा वास येणारा पुरुष असता, तर या नायकाने त्याच्या घरी जाऊन सूप केलं असतं का? टेबलावरचे सगळे हसले आणि कुणीच उत्तर दिलं नाही.

आमचे काचो, म्हणजे सेक्शनप्रमुख, सहसा अशा गप्पांत पडत नाहीत. त्या दिवशी पडले. त्यांनी हे पुस्तक मुलाकडून घेऊन वाचलं होतं म्हणे. त्यांचं म्हणणं, "बिचारीच्या वरही कुणीतरी बसलेला आहे. त्याचं नाव लेखकाने एकदाही घेतलेलं नाही." मग जरा थांबून, ओबेन्तोचं, म्हणजे डब्याचं, झाकण लावत म्हणाले की हल्ली ऑफिसात आवाज चढवायचीच चोरी आहे, म्हणून पुस्तकातली ओरडणारी बरी वाटते. आता हे गमतीने म्हणाले की मनापासून, ते जपानी माणसाच्या चेहऱ्यावरून मला आजही कळत नाही.

मला राग येतो तो नेमका इथे. बॉसला बालपण मिळतं, वारलेली आई मिळते, एकटेपणा मिळतो. पोराला काय मिळतं? स्वयंपाकघर. दिवसभर त्याने ऐकून घ्यायचं, रात्री त्यानेच तिला समजून घ्यायचं, आणि वाचकांनी त्याला 'किती चांगला आहे' म्हणायचं. त्याचं पोट दुखतं, रविवारी संध्याकाळपासून त्याला घाम फुटतो, हे सुरुवातीला दोन ओळींत येऊन जातं आणि पुन्हा कुणी त्याची चौकशी करत नाही. तिने माफी मागितली का, म्हणून मी मागची पानं पुन्हा चाळली. नाही मागितलेली. ती 'सूप छान झालंय' म्हणते, आणि तेवढ्यावर वाचक पाघळतात. डेन्त्सू या बड्या जाहिरात कंपनीतल्या 24 वर्षांच्या मुलीने 2015 च्या नाताळच्या दिवशी जीव दिला, तो हाच देश. अतिकामामुळे हे घडलं असं पुढच्याच वर्षी सरकारने मान्य केलं, आणि बेकायदा ओव्हरटाइमबद्दल 2017 साली न्यायालयाने कंपनीला दंड केला तो 5 लाख येन. हे सगळं तोंडपाठ असलेल्या वाचकाला बॉसच्या घरच्या कचऱ्याच्या पिशव्यांचा एवढा कळवळा का यावा?

आईला फोनवर गोष्ट सांगितली, तर तिने दोन मिनिटांत निकाल लावला. "अगं, म्हणजे आपल्या मालिकेतली सासूच की! हजार भाग सुनेला छळायचं आणि शेवटच्या आठवड्यात आजारी पडायचं."

आता तुम्ही म्हणाल, बाई, आपल्याकडचे साहेब काय साधुसंत आहेत का? नाहीत. इथे येण्याआधीचे, हिंजवडीतले माझे मॅनेजर सकाळी अकराला अख्ख्या फ्लोअरसमोर झाडायचे आणि चार वाजता "चल गं, चहा मारू" म्हणून हाक मारायचे. बाबांची बायपास ठरली तेव्हा बस मिळेना, तर याच माणसाने रात्री स्वतःची गाडी काढून मला नाशिकला सोडलं. वाटेत नारायणगावला चहा पाजला, आणि तिथेच विचारलं, घरी स्थळं बघताहेत का. इथल्या यादीप्रमाणे हा सहावा प्रकार. प्रशिक्षणात पडद्यावर नेमकं हेच उदाहरण आलं, लग्नाबद्दल विचारू नये, आणि मला उगाचच त्यांची बाजू घेऊन भांडावंसं वाटलं. इथे कुणी मला लग्नाचं विचारत नाही. आई आजारी आहे का, हेही विचारत नाही. पाचव्या प्रकाराचं मात्र आपल्याला काही नवल नाही. इथे नको झालेल्या माणसाला काम न देता खिडकीशी बसवतात, आपल्याकडे साईड पोस्टिंग देतात. बाबा सरकारी नोकरीत होते, त्यामुळे ते प्रकरण आमच्या घराने जवळून बघितलंय.

आणि अभिमानाने छाती फुगवावी तर 70 तासांची आठवण होते. 2023 साली नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला तेवढं काम करायला सांगितलं. 2025 उजाडलं तसं एल अँड टीच्या अध्यक्षांचं बोलणं बाहेर आलं, त्यात गाडी 90 वर गेली होती, आणि वर प्रश्न की घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत बसणार. त्याच्या आधी 2024 मध्ये पुण्यात नोकरीला लागलेल्या, अवघ्या 26 वर्षांच्या एका सीए मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने कंपनीला लिहिलेलं पत्र देशभर फिरलं. ते तुम्हीही वाचलं असेल. लैंगिक छळाविरुद्ध आपल्याकडे 2013 चा कायदा आहे. नुसता छळ असेल तर त्यासाठी वेगळा कायदा नाही.

इथल्या कायद्याचंही फार कौतुक नको. पावाहारा केल्याबद्दल त्यात थेट शिक्षा नाही. सरकारने सांगूनही कंपनी ऐकत नसेल तर तिचं नाव जाहीर करता येतं, एवढंच. ओव्हरटाइमला एप्रिल 2019 पासून मर्यादा आहे, महिन्याला 45 तास. पण खास करार केला तर एखाद्या महिन्यात 100 च्या आत कितीही. म्हणजे 99 चालतात! मृत्यू अतिकामाने झाला का, हे ठरवताना पाहतात तो एका महिन्याचा आकडाही 100 च आहे. हे ज्याने लिहिलं त्याला रात्री झोप कशी लागली असेल?

"मग परत का येत नाहीस?" हे दर दिवाळीला कुणीतरी विचारतंच. येन पडलाय, हे मलाही कळतं. पण इथे मी साडेसहानंतर थांबले तर त्याचे पैसे पगाराच्या चिठ्ठीवर वेगळे दिसतात. हिंजवडीत रात्री अकराला घरी सोडायला कॅब मिळायची आणि तिलाच सुविधा म्हणायचे. काचोंचा उसासा मी सोसते, कारण तो हिशोबात धरलेला आहे. आणि उसासा टाकणारा माणूस निदान फाइल फेकत नाही.

शेवटी मी त्या मुलाला म्हटलं, तुमच्याकडे पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने राजीनामा कळवणाऱ्या कंपन्या आहेत ना? वीस-पंचवीस हजार येन भरले की त्या तुमच्या ऑफिसला फोन करतात, तुम्हाला बॉसचं तोंडही बघावं लागत नाही. तुझ्या नायकाने पन्नासाव्या पानावर तो फोन करायला लावला असता तर विषय मिटला असता. तो म्हणाला, "मग दुसरा भाग कसा निघाला असता?"

दुसरा भाग त्याने कालच आणला. आधी काचो वाचणार आहेत, मग ज्यांना पुस्तक अजिबात पटलं नव्हतं त्या अकाउंट्समधल्या बाई, आणि त्यांच्यानंतर माझा नंबर आहे.