तुम्ही विचारलंत म्हणून: एकच कॅथेड्रल पाहायचं तर कुठलं?

युरोपला निघालेली ओळखीची माणसं हमखास विचारतात, 'गॉथिक कॅथेड्रल एकच पाहण्याइतका वेळ आहे, कुठलं पाहू?' गॉथिक म्हणजे मध्ययुगीन युरोपातली टोकदार कमानींची, उंच बांधणीची शैली. पॅरिसचं नोत्र दाम किंवा शार्त्र गावचं कॅथेड्रल ऐकायची त्यांची तयारी असते. मी बोव्हे सांगतो. पॅरिसच्या उत्तरेचं हे गाव, आणि तिथलं दोनदा कोसळलेलं, आजही अर्धंच असलेलं सेंट पीटरचं कॅथेड्रल.

'अर्धवट इमारत बघायला कशाला जायचं?' हा लगेचचा पुढचा प्रश्न. सांगतो. दगडी कमानींचं छत नुसता खाली भार टाकत नाही, ते भिंतींना बाहेरही रेटतं. हा रेटा पेलायला बाहेरून तिरक्या कमानींचा टेकू देतात, त्या फ्लाइंग बट्रेस. एकदा रेटा तिकडे गेला की भिंतीत दगड कमी आणि काच जास्त चालते. उत्तर फ्रान्सच्या गवंड्यांनी ही युक्ती ताणत नेली. नोत्र दामचं छत साधारण ३३ मीटर उंच, आमियेंचं ४२, आणि बोव्हेचं ४८! म्हणजे पंधरा-सोळा मजली इमारत आतून पोकळ केली, तर जी उंची दिसेल ती. एवढं उंच गॉथिक छत दुसरीकडे नाही.

मुंबईकरांना गॉथिक नवं नाही; सीएसएमटी आणि राजाबाई टॉवर रोजच्या वाटेवरचे. पण ती एकोणिसाव्या शतकात जुनं रूप घेऊन बांधलेली कामं. दगडाला त्याच्या मर्यादेपर्यंत नेणं काय असतं, ते बोव्हेला कळतं.

काम १२२५ साली सुरू झालं. वेदीकडचा भाग, म्हणजे कॉयर, १२७२ला पूर्ण झाला आणि १२८४च्या नोव्हेंबरात त्याच्या छताचा काही भाग कोसळला. कारणावर अभ्यासक अजून भांडतात. कुणी खांबांमधल्या जास्त अंतराला दोष देतं. प्रिन्स्टनच्या रॉबर्ट मार्क यांनी प्लास्टिकच्या प्रतिकृतीवर ताण मोजून वाऱ्याकडे बोट दाखवलं. मला महत्त्वाची वाटते ती दुरुस्ती, कारण ती डोळ्यांना दिसते. कॉयरच्या सरळ बाजूंना, जुन्या दोन खांबांच्या मधोमध नवा खांब उभा केलाय. त्यामुळे तिथल्या कमानी अरुंद आणि जास्तच टोकदार झाल्यात. तिथून वेदीमागच्या अर्धवर्तुळाकडे पाहा. तो भाग तेव्हा पडला नव्हता. गवंडी काय शिकले ते त्या खांबांवर वाचता येतं. उंची मात्र त्यांनी एका हातानेही कमी केली नाही. याच हट्टासाठी मला ती माणसं फार आवडतात.

पुढे इंग्लंडशी शंभर वर्षांचं युद्ध आलं, काम रखडलं. १५००मध्ये ट्रान्सेप्टचं, म्हणजे कॉयरला आडवा छेद देणाऱ्या भागाचं, बांधकाम निघालं. ते झाल्यावर पैसा घालायला हवा होता नेव्हमध्ये, म्हणजे पश्चिमेच्या लांब सभामंडपात. घातला या दोन्ही भागांच्या छेदावरच्या मनोऱ्यात. १५६९ला १५३ मीटरचा मनोरा उभा राहिला; तेव्हा जगात त्याहून उंच इमारत नव्हती. पण नेव्हच नसल्याने त्याखालच्या खांबांना पश्चिमेकडून आधार नव्हता. ३० एप्रिल १५७३ला, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सणादिवशी, तो पडला. नेव्ह पुढे झालाच नाही. त्याच्या जागी दहाव्या शतकातलं जुनं चर्च, बास अव्र, आजही उभं आहे. नव्यासाठी ते पाडायचं होतं, ते टिकलं.

गेलात तर आधी उत्तरेच्या बाजूला जा. तिथे आत लाकूड आणि पोलादाचे प्रचंड टेकू लावलेत. ते पाहून 'फोटो बिघडला' म्हणणारे भेटतात. मी तर तेच आधी दाखवीन, कारण रेटा अजून चालू आहे. एकोणिसाव्या शतकातलं खगोलीय घड्याळही सुंदर आहे, पण ते नंतर. पॅरिसच्या गार द्यू नोरहून थेट गाडी आहे, सकाळी निघालात तर संध्याकाळी आरामात परत.