दोन दिवस क्वेबेक सिटीत, एकटीने

माँट्रियलहून सकाळची ट्रेन घेतली, साधारण सव्वातीन तासांत क्वेबेक सिटी. कॅनडातलं काम संपलं होतं, परतायच्या आधी दोनच दिवस हातात होते, सगळे म्हणत होते नायगरा बघून घे, पण मी फ्रेंचच्या तीन लेव्हल्स केल्यात आणि ही भाषा जिथे लोक रोज भाजी आणताना, मुलांना ओरडताना बोलतात अशा गावात एकदाही गेले नव्हते, त्यामुळे माझं ठरलेलं होतं.

स्टेशनवरून जुन्या गावात जायचं तर चढ आहे, चांगलाच दम लागतो. पहिल्याच चौकात लाल अष्टकोनी पाटी, त्यावर लिहिलेलं 'आरे', म्हणजे थांबा. यात काय एवढं असं वाटेल, पण खुद्द फ्रान्समध्ये त्या पाटीवर स्टॉप लिहिलेलं असतं! मी तिथेच उभी राहून फोटो काढला.

दुपारी एकच्या सुमाराला भूक लागली म्हणून एका छोट्या कॅफेत शिरले आणि क्लासमध्ये शिकवल्याप्रमाणे 'देजने' मागितलं, म्हणजे दुपारचं जेवण. काउंटरवरच्या काकू म्हणाल्या ते तर अकरालाच संपलं. मला कळेचना. मग त्यांनी शांतपणे समजावलं की इथे देजने म्हणजे सकाळचा नाश्ता, दुपारचं ते दिने आणि रात्रीचं सूपे. फ्रान्समध्येही पूर्वी असंच म्हणायचे, पुढे पॅरिसकरांच्या जेवणाच्या वेळा सरकत गेल्या तशी नावंही सरकली, इथे मात्र जुनंच टिकलं. त्यांनी पिवळ्या वाटाण्याचं गरम सूप दिलं, बाहेर ऑक्टोबरचा गार वारा होता, त्यामुळे ते फार बरं वाटलं.

जुनं गाव दोन मजली म्हणावं असं आहे, वर कड्यावर एक आणि खाली नदीकाठी एक. खालच्या भागात 1608 मध्ये शांप्लँ या फ्रेंच दर्यावर्दीने वसाहत सुरू केली, तिथला प्लास रोयाल चौक आणि दगडी चर्च बघून मी वर आले. मध्ये ज्या पायऱ्या आहेत त्यांचं नाव कास-कू, म्हणजे मानमोड्या पायऱ्या! फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोराने ओढला जाणारा डबा, तो पण आहे, 1879 पासून, पण मला चालायचंच होतं. वर शातो फ्रोंतनाक, तेच हॉटेल जे प्रत्येक फोटोत दिसतं. सुंदर आहे, गर्दी खूप आहे, मी तिथे फार वेळ थांबले नाही.

थांबले ते त्याच्या शेजारच्या बागेत. तिथे एक उंच दगडी स्तंभ आहे, इंग्रज सेनापती वुल्फ आणि फ्रेंच सेनापती मोंकाल्म या दोघांचा मिळून. 13 सप्टेंबर 1759 ला इथल्याच प्लेन्स ऑफ अब्राहम या मैदानावर इंग्रज आणि फ्रेंच लढले, लढाई तासाभराच्या आत संपली, जिंकणारा वुल्फ मैदानातच गेला आणि हरलेला मोंकाल्म दुसऱ्या दिवशी पहाटे. जिंकलेल्याचा आणि हरलेल्याचा एकच स्तंभ, आणि त्यावरचा मजकूर ना इंग्रजीत ना फ्रेंचमध्ये, लॅटिनमध्ये, की शौर्याने दोघांना एकच मरण दिलं, इतिहासाने एकच कीर्ती आणि पुढच्या पिढ्यांनी एकच स्मारक. मी बराच वेळ तिथल्या बाकावर बसले होते. 1763 च्या तहात हा सगळा मुलूख इंग्रजांकडे गेला, म्हणजे खरं तर इथली फ्रेंच हळूहळू संपायला हवी होती ना? 1774 च्या इंग्रजी कायद्याने इथल्या फ्रेंच लोकांचा धर्म आणि दिवाणी कायदा राहू दिला, पण भाषा टिकली ती घराघरात बोलली गेली म्हणून असं मला वाटतं, आणि 1977 मध्ये क्वेबेक प्रांताने फ्रेंच भाषेची सनद म्हणून वेगळा कायदाच केला. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'ज म सुव्हियँ' लिहिलेलं असतं, म्हणजे 'मला आठवतंय'. त्या स्तंभापाशी बसून ते वाक्य खूप जवळचं वाटलं.

तटबंदीवरून चालता येतं, साडेचार किलोमीटरच्या आसपास आहे, मेक्सिकोच्या उत्तरेला अशी अख्खी तटबंदी असलेलं हेच एक शहर. 1870 च्या दशकात लोकांना ती पाडायची होती, रस्ते रुंद करायला, तेव्हा गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिनने वाचवली. हाच डफरिन पुढे 1884 मध्ये आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आला!

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच त्या कॅफेत गेले आणि देजने मागितलं. काकूंनी ओळखलं, अंडी, टोस्ट, बीन्स आणि वर मेपल सिरप, जेवणापर्यंत पुरेल एवढं.

संध्याकाळी पलीकडच्या काठावरच्या लेव्ही गावाला जाणारी फेरी पकडली. सेंट लॉरेन्स नदी इथे जेमतेम एक किलोमीटर रुंद आहे, क्वेबेक या नावाचाच अर्थ मूळच्या अल्गॉन्किन लोकांच्या भाषेत 'जिथे नदी अरुंद होते' असा आहे. दहा-बारा मिनिटांचा प्रवास, पण मागे वळून बघितलं की कडा, तटबंदी, शातोचे दिवे सगळं एकदम समोर, म्हणून पलीकडे न भटकता त्याच फेरीने परत आले. उतरताना तिथल्या माणसाने सगळ्यांना 'बॉन फँ द स्मेन' म्हटलं, म्हणजे आठवड्याचा शेवट छान जावो, शुक्रवार होता. फ्रान्समध्ये बॉन वीकेंड म्हणतात, मी मराठीतही वीकेंडच म्हणते. मी त्याला थांबून, नीट उच्चार करत, बॉन फँ द स्मेन म्हटलं.