चिमणीवरचे भाडेकरू

आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांमध्ये एक भाडेकरू होते. भाडं महिना अकरा रुपये. त्यांना बाहेर काढायला आजोबांनी दावा लावला तो माझ्या मुंजीच्या आधी, आणि मला नोकरी लागली तरी तारखा पडतच होत्या. १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा भाडेकरूंच्या पाठीशी असा काही उभा होता की वकील बदलले, न्यायाधीश बदलले, मागच्या खोल्यांमधली माणसं मात्र बदलली नाहीत. ‘‘घर आपलं, राहण्याचा हक्क त्यांचा,’’ असं आजोबा म्हणत.

तेच मी पुन्हा ऐकलं ते इंग्लंडच्या समुद्रकाठच्या ब्रायटनमध्ये, नगरपालिकेच्या बाईंकडून, फोनवर. या वेळी घरमालक मी होतो आणि भाडेकरू सीगल.

पक्षीनिरीक्षक त्याला कुरव म्हणतात. मला ते जमत नाही. कुरव म्हटलं की तो कवितेत बसेलसा वाटतो. आमचा कवितेत बसणारा नव्हे, चिमणीवर बसणारा. इथल्या जुन्या घरांच्या छपरावर विटांची मोठी धुराडी असतात आणि त्यावर मातीच्या नळकांड्या ओळीने उभ्या असतात. त्या दोन नळकांड्यांमधली फट म्हणजे या पक्ष्याच्या मते समुद्रकाठचा कडाच. उंच, वारा अडवणारा, कोल्हा पोचणार नाही असा. आईला मी फोनवर सांगितलं, ‘‘चिमणीवर पक्ष्याने घरटं केलंय.’’ बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाली, ‘‘अरे, चिमणी बरी आहे ना?’’

सीगलशी माझी जुनी ओळख गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचवरची. हिवाळ्यात लाँच सुटली की मागे पांढरी झुंबड, आणि कठड्याला टेकून गाठिया उडवणारी माणसं. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच तळ्यांवर वीण आटोपून चार महिने आपल्याकडे येतात आणि उन्हाळा लागला की निघून जातात. पाहुणे ते. पाहुण्यांचं कौतुक असतंच. इथला सीगल, म्हणजे हेरिंग गल, मात्र बारमाही. पंख पसरले तर साडेचार फूट भरतील, चोच पिवळी, खालच्या बाजूला लाल ठिपका, आणि डोळे असे की पाहताक्षणी वाटावं, याने आपलं सात-बाऱ्यावर नाव लावून घेतलंय.

त्या लाल ठिपक्यावर एका माणसाने बरीच वर्षं घालवली. निको टिनबर्गन त्याचं नाव, प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यासक. पिल्लू तो ठिपका टोचतं, मग आई-बाप गिळलेलं अन्न उलटून बाहेर काढतात, हे त्याने खोट्या चोची बनवून पिल्लांना दाखवून तपासलं. १९७३ सालच्या नोबेलचा तो एक मानकरी. माझ्या छपरावर हाच प्रयोग जून-जुलैत रोज पहाटे चारपासून चालतो, फक्त नोबेल मिळत नाही. जूनमध्ये इथे चारला उजाडू लागतं. मग एकजण मान खाली घालून, एकदम वर फेकून, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा टाहो फोडतो. समोरच्या धुराड्यावरून उत्तर येतं. त्यावर तिसऱ्याचं मत. वाड्यात नळाला पाणी यायच्या वेळी जे चालायचं तेच, बादल्यांचा आवाज तेवढा नाही.

नगरपालिकेच्या बाई भल्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की १९८१ च्या वन्यजीव कायद्याने पक्षी, त्याचं वापरातलं घरटं आणि अंडी, तिन्हींना संरक्षण आहे. हात लावायचा तर खास परवाना हवा, आणि झोपमोड हे कारण त्याला पुरत नाही. वर हा पक्षी २००९ पासून ब्रिटनच्या लाल यादीत आहे. ‘‘दुर्मीळ होत चाललाय,’’ त्या म्हणाल्या. मी रिसीव्हर खिडकीबाहेर धरला.

पण बाई खरं बोलत होत्या. कड्यांवरच्या वस्त्या ओस पडताहेत आणि शहरातल्या छपरांवर गर्दी होते आहे. खेड्यातलं घर बंद करून माणूस पुण्या-मुंबईला येतो त्यातलाच प्रकार. याच्या मुळाशी आणखी एक कायदा असल्याचं सांगतात, १९५६ चा, हवा स्वच्छ ठेवण्यासाठीचा. त्याआधी कचरा डेपोवर जाळून टाकत. जाळणं बंद झालं आणि उघड्यावर पंगत मांडली गेली. म्हणजे एका कायद्याने जेवण दिलं, दुसऱ्याने छप्पर. आमच्या मागच्या खोल्यांमधल्या मंडळींना तरी धान्य रेशनवर आणावं लागे.

चोरीबद्दलही बोललं पाहिजे. अ‍ॅबरडीनमध्ये २००७ साली एक सीगल दुकानात चालत शिरून चिप्सचं पाकीट उचलून न्यायचा, रोज त्याच चवीचं. लोकांनी त्याचं नाव सॅम ठेवलं होतं आणि काहीजण त्याचे पैसे भरत. माझं थालीपीठ गेलं त्याचे पैसे कोणी भरले नाहीत. आम्ही किनाऱ्यावर बसलो होतो. ब्रायटनला वाळू नाही, सगळे गोटे, त्यामुळे बसायलाच पाच मिनिटं लागतात. डबा उघडला, ठेचा लावला, तोंडापाशी नेलं आणि मागून कानाजवळ वारा आला. बोटांत उरला तो एक तुकडा. बायको म्हणाली, ‘‘खाऊ दे, ठेचा आहे त्यावर, कळेल त्याला.’’ आम्ही दोघं सूडबुद्धीने बघत राहिलो. तो शांतपणे खाऊन चोच पुसून उरलेल्यासाठी परत आला. नंतर वाचलं की पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही. मिरचीचं बी लांबवर पोचवायला निसर्गाने केलेली सोय. सूड गेला, थालीपीठही गेलं.

यावर एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये तोडगा छापला. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर त्यांनी चिप्सची पिशवी ठेवली आणि सीगलकडे एकदा टक लावून पाहिलं, एकदा तोंड फिरवलं. पाहत राहिलं तर पक्षी सरासरी एकवीस सेकंद उशिरा येतो. त्याहून मजेची बाब अशी की चौऱ्याहत्तर पक्ष्यांवर प्रयत्न केला, तर खाण्याजवळ आले सत्तावीसच. बाकीचे सभ्य निघाले. नाव सगळ्यांचं खराब होतं. तेव्हापासून मी जेवताना रोखून बघतो. एकवीस सेकंदांत थालीपीठ संपत नाही, पण सँडविच संपतं.

जुलैत पिल्लं छपरावरून घसरून फुटपाथवर पडतात. ठिपक्याठिपक्यांची, करड्या रंगाची, मळक्या पायपुसण्यासारखी. त्यांच्या जवळून जाणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर आई झेप घेते. झेप सगळ्यांत उंच टोकावर असते, म्हणून डोक्यावर काहीतरी धरावं असा सल्ला मिळाला. मी भर उन्हात काळी छत्री उघडून बसस्टॉपवर जाऊ लागलो. पुण्यात याकडे कोणी वळूनही पाहिलं नसतं. इथे शेजारच्या आजींनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी स्वतःची छत्री काढली. याच आजी रोज संध्याकाळी पावाचे तुकडे अंगणात टाकतात, हे मी त्यांना अजून बोललेलो नाही.

आई त्या उन्हाळ्यात इथे आली होती. तिने खिडकीतून एकदाच पाहिलं आणि निकाल दिला, ‘‘बाळंतीण आहे ती. हाकलू नकोस.’’ मग पाऊस पडला की समोरच्या बागेत तिचा एक कार्यक्रम असे. सीगल गवतावर उभं राहून जागच्या जागी भराभर पाय आपटतं. गांडुळांना काहीतरी हालचाल होतेयसं वाटतं, ती वर येतात आणि जातात पोटात. आई म्हणायची, ‘‘आली बघ लेझीम.’’ आणि चहा खिडकीत घेऊन यायची.

सप्टेंबरात छप्पर रिकामं झालं. तेव्हा मी चिमणीवर काटे बसवणाऱ्याला बोलावलं. वीण सुरू व्हायच्या आधी, हिवाळ्यात काटे बसवले तर कायदा आड येत नाही. तो वर चढला, घरट्यातून वाळकं गवत, कोळंबीची सालं आणि एक निळा मोजा खाली टाकला, आणि आकडा लिहून कागद माझ्या हातात दिला. मोजा माझाच होता.

आजोबा दर गुरुवारी कोर्टात तारीख असली की त्याच भाडेकरूंबरोबर रिक्षाने जात. दोन रिक्षा कशाला, पैसे वाया. परत येताना दोघं मिळून वाटेत मिसळ खात. पुढे वाड्याच्या जागी इमारत आली, त्यात भाडेकरूंना फ्लॅट मिळाला, आणि दाव्याचं काय झालं ते घरात कोणालाच नीट सांगता येत नाही.

काट्यांचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली आहे. त्यावर खाली लिहिलंय, भाव तीस दिवसांपुरता. त्याला दोन वर्षं झाली. परवा मार्चमधल्या पहिल्या उन्हात चिमणीवर दोघं आली, आणि त्यातल्या एकाच्या चोचीत गवत होतं. मी आत जाऊन दोरीवरचे मोजे काढून आणले.