तेरा सत्ते

पोराचं उत्तर बरोबर होतं आणि तरी मी त्याला पाण्याबाहेर काढलं, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर गेले तीन आठवडे भेटेल तो मला जे ऐकवतोय, तेच तुम्हीही ऐकवाल.

मी बेळगावात पोहायला शिकवतो. उन्हाळ्यात पन्नास-साठ पोरं आणि तितक्याच आया, 'सर, महिन्यात येईल न्हवं?' पाऊस लागला की उरतात सात-आठ. त्यातून दोन-तीन वर्षांत एखादंच लांब पल्ल्याच्या वेडाचं निघतं. हे पोरगं तसलं. सतरा वर्षांचं, खानापूर बाजूचं, अंगानं काटकुळं. पुढच्या हंगामात धरमतर ते गेटवे हा सुमारे 36 किलोमीटरचा पल्ला मारायचा, एवढं आमचं ठरलेलं. त्यापुढचं इंग्लिश खाडीचं नाव तो स्वतः कधी घेत नाही. त्याचा बाप घेतो, चहाच्या टपरीवरसुद्धा.

खाडीत उतरायच्या आधी साधारण 16 अंशांच्या पाण्यात सहा तास पोहून दाखवावं लागतं. रबरी सूट चालत नाही. एक चड्डी, एक टोपी, एक गॉगल, बस्स. आमच्या मुलखात 16 अंशांचं पाणी आणायचं कुठून? निदान सहा तास सलग पोहायची सवय तरी व्हावी, म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही हिडकलच्या धरणावर गेलो. पहाटे चारला काकतीवरून निघालो. गाडीत पोरगं, त्याचा बाप, माझा एक डॉक्टर मित्र, दोन थर्मास, व्हॅसलिनचा अर्धा किलोचा डबा आणि त्याच्या आईनं दिलेला कुंदा. कुंदा वजन वाढवायला. लांब पोहणाऱ्याच्या अंगावर थोडी चरबी लागतेच, तेच त्याचं घोंगडं. या पोराच्या अंगाला मात्र काही लागत नाही. तूप घालून पोळ्या, शेंगदाण्याचे लाडू, सगळं हादडतो आणि तसाच राहतो.

सोबतीची होडी म्हणून मासेमारीचा हरगोल घेतला होता. बांबूची मोठी गोल टोपली, खालून ताडपत्री आणि डांबर. ज्यांनी हरगोलातून कुणाला खाऊ घातलेलं नाही, त्यांना यातली गंमत कळायची नाही. त्याला पुढची बाजू नाही न् मागची नाही. वल्हं थांबलं की तो जागच्या जागी गिरक्या घेतो. आत्ता पोरगं तुमच्या उजव्या हाताला दिसतंय म्हणेपर्यंत ते पाठीमागं असतं. पोहणाऱ्यानं होडीला हात लावायचा नाही, होडीतल्यानं पोहणाऱ्याला हात लावायचा नाही. लावला की पोहणं तिथंच संपलं. म्हणून दर अर्ध्या तासाला बाटली दोरीला बांधून पाण्यात फेकायची. त्यानं उताणं होऊन प्यायचं, बाटली सोडून द्यायची, मी दोरी ओढून घ्यायची. वीस सेकंदांत हे सगळं झालं पाहिजे, कारण थांबलेलं अंग झपाट्यानं निवतं. बाटलीत माल्टोडेक्स्ट्रिनची पूड, म्हणजे झटपट ताकद देणारं पीठ, असावी असं पुस्तकात असतं. ती आम्ही आणतो, पण महाग पडते. म्हणून एकाआड एक गुऱ्हाळाचा गूळ, कोमट पाणी आणि चिमूटभर मीठ. पोटाला तेच जास्त मानवतं, असं माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

बाटली फेकताना मी दोन प्रश्न विचारतो. पहिला: 'झाली का?' म्हणजे लघवी. पोहता पोहता होत असेल तर पोटात पाणी नीट चाललंय. दोन-दोन तास झाली नाही तर मला घोर लागतो. मुलींना मी त्यांच्या आईकडून विचारून घेतो.

दुसरा प्रश्न दर तासाला, आणि तो पाढ्यातला. गारठा आधी हातापायांत उतरतो, मग डोक्यात. डोक्यात उतरला की माणूस 'मी बरा आहे' असंच म्हणतो, अगदी ठणकावून. म्हणून 'बरा आहेस का?' हा जगातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न. आमच्या धंद्यातले बरेच गुरुजी तेवढाच विचारतात आणि मग 'शाबास, सोडू नकोस' म्हणून ओरडतात. त्यापेक्षा 'सतरा पंचे किती' विचारावं. उत्तर चुकलं, लांबलं किंवा जीभ जड झाली, की काय ते समजायचं.

पावणेसातला तो उतरला. पाणी साडेएकवीस अंश. काठावर बाप म्हणाला, "सर, ह्यात कसला गारठा ओ?" त्याला मी सांगत बसलो नाही की पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं अंगातली ऊब ओढून घेतं, आणि तासभर मजेत डुंबायचं पाणी पाच तासांनी हाडं फोडतं.

पहिला तास: सतरा पंचे? "पंच्याऐंशी." मिनिटाला 66 हात. दुसरा: चौदा सक? "चौऱ्याऐंशी." 65. तिसऱ्या तासाला सोळा नव्वे विचारलं, "एकशे चव्वेचाळीस", आणि वर "सर, काल गूळ जास्त हुता, आज कमी हाय" हेही. 64. चौथा: अठरा चोक? "बहात्तर." 61. मजेत चाललं होतं. हरगोलवाले अण्णा कन्नड बोलणारे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर कसं वर येतं, ते मला हातवारे करून सांगत होते. पोरगं त्या बाजूला तोंड करून श्वास घेत होतं. मला आपलं वाटलं, कळसावरून चाललाय लेकाचा.

साडेचार तासांनंतर वारा सुटला. मग मी त्याचा डावा हात बघायला लागलो.

नीट पोहणाऱ्याचा पंजा पाण्यात शिरताना मिटलेला असतो, बोटाला बोट लागून, सैलसर. त्याची करंगळी सुटली होती. हात वर यायचा तेव्हा चार बोटं एकत्र आणि करंगळी वेगळी उभी, चहाचा कप धरताना काही लोकांची असते तशी. दहा हात मोजले, दहाही वेळा करंगळी बाहेर. मग अनामिकाही सुटायला लागली. गारठ्यानं बोटांचे स्नायू ऐकेनासे झाले की असा खेकडा होतो. पण नुसत्या थकव्यानंही करंगळी सुटते. माझी स्वतःची सुटते. पाय खाली जायला लागले होते, हेही खरं. पण पायांचा त्याचा आळस जुनाच आहे.

पाच तास झाले. मी बाटली फेकली. ती पकडायला त्याला दोनदा हात मारावा लागला. वीस सेकंदांचं काम पाऊण मिनिट चाललं. ओठ निळसर होते का? गॉगलखाली सगळ्यांचेच चेहरे निळसर दिसतात.

"तेरा सत्ते?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. बाटली सोडली. आणि म्हणाला, "तोंबत्तोंदू."

अण्णा खूश होऊन हसले. "सरी ऐत्री, सर!"

तोंबत्तोंदू म्हणजे एक्याण्णव. बरोबरच. पण तीन वर्षांत हे पोरगं माझ्याशी कन्नडात एक शब्द बोललेलं नव्हतं. आई गोकाकची, घरात दोन्ही भाषा, हे मला ठाऊक होतं. माझ्याशी मात्र कायम मराठी, तीही खानापुरी हेलाची. सकाळपासून चार उत्तरं मराठीत आली आणि पाचवं कन्नडात. समोर कोण आहे हे त्याला कळत होतं का? का मला अण्णा समजला? का आईच विचारतेय असं वाटलं?

मी त्याला दहा मिनिटं दिली. हात मोजले, 54. परत मोजले, 52. आता त्या 52 वरही माझा भरवसा नाही. मधेच हरगोल फिरला आणि त्याचे दोन-तीन हात माझ्या नजरेआड गेले असतील. पाच तास बावीस मिनिटांवर मी अण्णांना वल्हं मारायला सांगितलं, वाकलो आणि त्याच्या दंडाला धरलं.

त्यानं हात झटकला नाही. झटकला असता तर मला बरं वाटलं असतं की वाईट, सांगता येत नाही. "सर, अडतीस मिनिटंच राहिली ओ," एवढंच म्हणाला. मराठीत. स्वच्छ.

काठावर आणल्यावरची पंधरा मिनिटं खरी जोखमीची, हे कुणाला सांगून पटत नाही. बाहेर आल्यावरही अंग आणखी निवत जातं, कारण हातापायांतलं गार रक्त आत परततं. त्याचा बाप कुठूनतरी गरम पाण्याची बादली आणि निलगिरीचं तेल घेऊन धावत आला, आता चोळून काढतो म्हणून. दोन्ही मी लाथाडलं, अक्षरशः. ओलं काढा, टिपून घ्या, चोळू नका, आडवं करा, सुकी लोकर, माकडटोपी, कोमट गोड पाणी घोट-घोट. तिथं अठ्ठावीस अंशांचं ऊन, मी घामाघूम, आणि पोरगं दोन घोंगड्यांखाली असं हुडहुडतंय की खाली अंथरलेली ताडपत्री वाजतेय. डॉक्टर मित्रानं काखेत थर्मामीटर लावला. ओल्या, गार काखेतला आकडा. "ह्याच्यावर मी काही सही करणार नाही," तो म्हणाला. "हुडहुडी म्हणशील तर पाच तासांनी कुणालाही भरते."

म्हणजे पुरावा म्हणून माझ्या हातात उरलं काय? एक करंगळी आणि एक कन्नड आकडा.

बापानं सहा तासांच्या हिशेबानं एका ओळखीच्या बातमीदाराला बोलावून ठेवलं होतं. तो आला, हारासकट. हार तसाच डिकीत गेला. आमच्याकडं पोरगं पाण्यात उतरायच्या आधी फेटा बांधणारा ठरलेला असतो. परतताना गाडीत कुणी बोलेना, म्हणून मी आरती साहांचं, इंग्लिश खाडी पोहणाऱ्या पहिल्या भारतीय बाईंचं, सांगायला घेतलं. 1959 साली त्यांचा खाडीचा पहिला प्रयत्न अर्ध्यातच सोडावा लागला होता, आणि त्यानंतर साधारण महिन्यानं, 29 सप्टेंबरला, त्यांनी ती पार केली. बाप म्हणाला, "त्यांना पाढे विचारले हुते काय ओ?"

हत्तरगीच्या टोलनाक्यावर पोरगं मागून बोललं. "सर, पाढे मी शाळेत कन्नडातच पाठ केल्यात. आईच्या गावात हुतो न्हवं पाचवीपर्यंत. तुम्ही विचारलं की मी मनात कन्नडात काढतो आणि मराठी करून सांगतो. पाचव्या टायमाला मराठी करायचा कंटाळा आला."

तीन वर्षं मी या पोराचे हात मोजतोय. तो स्वतःचे हात कुठल्या भाषेत मोजतो हे मला माहीत नव्हतं.

तेव्हापासून दोन्ही बाजूंनी विचार करतोय. त्याला काही झालेलं नव्हतं, नुसता कंटाळा होता, आणि मी त्याची अडतीस मिनिटं खाल्ली. किंवा चार तास जे भाषांतर सहज जमत होतं ते पाचव्या तासाला जमेनासं झालं, आणि त्यालाच तो कंटाळा म्हणतोय. डोकं निवायला लागलं की पहिल्यांदा हेच जात असणार, वरवरचं, मागाहून शिकलेलं. डॉक्टर मित्र म्हणतो दोन्ही शक्य आहे. माझ्याबरोबर शिकवणारा एक जण म्हणतो, तू घाबरलास. घाबरलो होतोच. त्यात चूक काय, ते त्याला सांगता आलं नाही.

पुढची चाचणी फेब्रुवारीत ठरलीय. तलावाच्या काठावर पाय सोडून बसलो असताना पोरगं म्हणालं, "सर, या टायमाला पाढे नको. आईचा मोबाइल नंबर विचारा."

"तो मला कुठं पाठ आहे?"

"मग लिहून घ्या. पण आकडे मी कन्नडात सांगणार."

लिहून घेतलाय. चिकटपट्टीवर, कन्नडात, त्याच्याच अक्षरात. हरगोलाच्या आतल्या कडेला लावायचा. अण्णा वाचतील, मी ऐकेन.